दुर्बिणीला लागलेला हात

बाबा,

पंधरवड्यापूर्वी तुमच्या दुर्बिणीचा पाया मी खोलला, आणि तेव्हापासून तुमच्यावर इतकी चिडले आहे की भांडल्याशिवाय चैन पडायचं नाही. माणूस जाऊन वीस-बावीस वर्षं झाल्यावर त्याच्याशी भांडायचं तर लिहिण्याशिवाय दुसरी सोय नाही. माझ्या शाळेतल्या शिपायाला मदतीला बोलावलं, दोघांनी मिळून ती सागवानी पेटी खालच्या गोल फळीवरून उचलली, तर मध्ये काळाकुट्ट चिकट थर. ग्रीस. बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीतल्या वर्कशॉपमध्ये तुम्ही जन्मभर फिटर होता आणि तुमचा मंत्र एकच, "जे अडते त्याले ग्रीस लाव." बिजागऱ्यांना लावलंत, आईच्या शिलाई मशीनला लावलंत, माझ्या सायकलला लावलंत, आणि दरवर्षी न चुकता दुर्बिणीलाही, जुन्यावर नवं. त्यात धूळ गेली, कोळशाची भुकटी गेली, आणि त्याची झाली खळ. पेटी फिरवायला जावं तर ती आधी चिकटून बसणार, जोर लावावा तर एकदम सुटणार आणि पेटीतली दुर्बिणीची नळी भलतीकडेच जाणार. दुर्बिणीतला परातीएवढा तो आरसा तुम्ही क्वार्टरच्या पडवीत बसून काचेवर काच घासून केलात. मागच्या वर्षी त्याला नवा मुलामा चढवून आणला, अजून नजर लागावी असा आहे; त्याबद्दल तुम्हाला मनापासून मानते. पण एवढ्या आरशातून शनी पाहायचा म्हणजे नळी केसभर सरकायला हवी. तुमची नळी केसभर कधी सरकलीच नाही. आणि त्याचं खापर तुम्ही फोडलंत आईच्या हातावर.

ती संध्याकाळ तुम्हाला आठवत होती की नाही, कोण जाणे. मी सातवीत असेन. दिवेलागण झालेली, क्वार्टरसमोर दुर्बीण मांडलेली, चार-सहा लोक जमलेले. आपल्या घरात बुद्धाची तसबीर आणि क्वार्टरांच्या आख्ख्या लाइनीत निम्म्या लोकांच्या बोटात शनीची बाधा नको म्हणून घोड्याच्या नालेची अंगठी. शनी हा एक गोळा आहे, त्याला कुणाच्या साडेसातीशी देणंघेणं नाही, हे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावायचं, हा तुमचा ध्यास. त्या दिवशी तुमचा फोरमन आला होता. किती दिवस तुम्ही त्याच्या मागे लागला होता! त्याची अंगठी सगळ्यांत जाड. तुम्ही नळीत शनी धरलात, त्याला म्हणालात, "या सार, पाहा." तो दोन पावलं पुढे आला आणि थबकला. म्हणाला, "पहले भाभी को देखने दो जी." घाबरला होता, दुसरं काही नाही. आई चहा घेऊन आली होती. तिनं हात पदराला पुसले, वाकली, डोळा लावला. "काई दिसत नाई," ती म्हणते आहे, आणि तुम्ही दात आवळून उभे आहात. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह आपला सरकत राहतो, तो केव्हाच काचेच्या कडेला गेला असणार. तोल सावरायला आईनं नळीला हात लावला. नळी आधी अडून बसली, मग एकदम सुटली, आणि शनी गेला.

"तुले काई अक्कल हाय का? हात लावू नको म्हनलं होतं ना! तुहा हात चुलीलेच बरा!"

सगळ्यांसमोर, बाबा. फोरमननं अंगठी चाचपली, आभाळाकडे पाहत "छोड़ो जी, उनकी मर्जी नै है," म्हणाला आणि निघून गेला. तुम्ही शनी पुन्हा शोधत राहिलात, तो चिंचेमागे जाईपर्यंत. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. आईनं कप गोळा केले नि आत गेली. त्यानंतर ती दुर्बिणीच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. पुढे तुम्ही किती लोकांना शनी आणि त्याच्याभोवतीचं कडं दाखवलंत, "कडं दिसलं, कडं दिसलं" असा गलका व्हायचा, आणि तो ती स्वयंपाकघरातून ऐकायची. तुम्ही कधी तिला पुन्हा बोलावलंत का? मी तरी पाहिलं नाही.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण सांगते. आईला काचबिंदू झालाय. आता आम्ही राहतो त्या तामसीहून बसनं आदिलाबादला नेऊन दाखवलं तेव्हा एक डोळा गेलेलाच होता. दुसरा कडेनं मिटत चाललाय. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं शेवटी जातं, पण ते किती टिकेल हे सांगता यायचं नाही. घरी येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुह्या बाबाचं ते कडं तेवढं पाहाचं राहून गेलं." हसत म्हणाली, जणू जत्रेतली बांगडी राहून गेली. मी मात्र मनात दिवस मोजू लागले. कारण शनी आता रोज संध्याकाळी थोडा थोडा खाली उतरतोय. अजून काही दिवसांनी तो सूर्याच्या उजेडात बुडेल, पुन्हा संध्याकाळी दिसायला कितीतरी महिने जातील, आणि तेव्हा आईचा डोळा असेल की नाही? शिवाय यंदा ते कडंही आपल्याला कडेवरून दिसतंय, काडीएवढं. ते वर्षावर्षानं उघडत जाणार आणि हिचा डोळा मिटत जाणार. नशिबानं थट्टा करावी ती किती!

म्हणून पाया खोलला. ग्रीस रॉकेलनं पुसून काढलं, हातांचा वास आठवडाभर गेला नाही. मी तरी कुठे शहाणी? आधी आदिलाबादहून बेअरिंगची चकती आणून बसवली. पेटी अशी गरगर फिरायला लागली की वाऱ्याच्या झुळकेनंही नळी तोंड फिरवायची. अडणंही नको, सुटणंही नको. घसरावं, पण सोडलं तिथं थांबावं. मग मोबाईलवर दुर्बीणवाल्यांच्या एका गटात विचारलं. फळीवर दाणेदार सनमायका चिकटवला, पेटीच्या खाली टेफ्लॉनचे तीन छोटे तुकडे ठोकले, नॉनस्टिक तव्याला असतं तेच. आणि तेलाचा थेंबही नाही. बोटानं ढकलली तर सरकली, बोट उचललं तर थांबली. मी अंगणातच मटकन बसले आणि तुमच्या नावानं रडले. इतकंसं होतं हो ते!

काल आभाळ स्वच्छ होतं. दिवस बुडाल्यावर शनी धरला, स्टूल मांडलं, शिपायाला पुन्हा मदतीला घेऊन आईला आणून बसवलं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. मी नळी ढकलते, बाजूला होते, ती डोळा जुळवते, तोवर शनी पार. "पांढरं काई तरी आलं न गेलं." पुन्हा. पुन्हा. तिच्या उरलेल्या नजरेत तो मधोमध, तिथंच राहायला हवा. ते एकाच रीतीनं होणार होतं: डोळा तिचा आणि ढकलणारा हातही तिचाच. शनी तर शेजाऱ्याच्या कडुनिंबाकडे झुकत चाललेला. म्हटलं, "आई, तूच ढकल."

"नको बाई. माह्या हातानं जाते ते."

इतकी वर्षं तिनं हे खरं मानलं होतं, बाबा. मी म्हटलं, "तुह्या हातानं नव्हतं गेलं. ग्रीसनं गेलं होतं. आता काढलं मी ते." तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "त्याईले मालूम होतं?" म्हटलं, "नाई." तिनं मान हलवली. मी पुन्हा शनी धरला, या वेळी अगदी कडेला, म्हणजे तो सरकत मध्ये यावा. हात कुठे लावायचा ते तिला दाखवलं. ती वाकली. श्वास धरून मी बघते आहे, आणि पदरातून तिचा हात निघाला, मी दाखवलेल्या जागी नाही, सरळ डोळा लावायच्या काचेजवळ, सगळा पंजा. आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नको!"

तुमचा आवाज, बाबा. हुबेहूब. शिपाई दचकून दोन पावलं मागे सरला.

"लावीन," आई म्हणाली. डोळा काढला नाही, हात काढला नाही. नळी तिच्या पंजाखाली सावकाश सरकली, थांबली, सरकली.

"हं," ती म्हणाली. "आलं." मग नळी आणखी जराशी सरकवत, "बोरात काडी खुपसल्यावानी हाय. यालेच कडं म्हनतात?"

"यंदा बारीक आहे आई, पुढच्या वर्षी उघडेल," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"उघडू दे. तू बोलू नको मधात, मले पाहू दे."

कडुनिंबाआड जाईपर्यंत तिनं शनीला सोडलं नाही. शिपाई ताटकळला, मी ताटकळले, चहा निवला. तिनं कुणाला पाळी दिली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मलाही कळतं. तुम्हाला चांगलं खडसावायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. काल मी तिच्यावर ओरडले त्याची माफी अजून मागितलेली नाही. सकाळी चहा देताना अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, संध्याकाळी बोलू. तुम्हीही असंच संध्याकाळवर टाकत गेला होता का, बाबा?