टेबल नंबर एक : शेरा समाधानकारक

शनिवार, २७ सप्टेंबर. ट्रॉय

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी इंटरनॅशनल ऑब्झर्व्हर.

सकाळी शिकागोहून इलाचा फोन. निवडणुकांवर देखरेख करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. एका लहानशा देशात बारा तारखेला पार्लमेंटची निवडणूक आहे, त्याच दिवशी रेफरेंडमही, म्हणजे सार्वमत. त्या देशाचे मिशिगनमधले लोक आपल्या ट्रॉयमधल्याच एका बँक्वेट हॉलमध्ये मत देणार. तिथे निरीक्षक हवेत. दोघांनी ऐनवेळी कॅन्सल केलं, दुसरं कोणी मिळत नाहीये, असं इला म्हणाली. ही तिची सांगायची पद्धत. तीस वर्षं ऑटो पार्ट्सच्या क्वालिटीत काढलेला बाप घरात असताना बाहेर शोधायचं कशाला, हे तिच्या लक्षात आलं असणार. शिवाय अर्ली रिटायरमेंटमुळे मी मोकळा आहे, हेही.

देशाचं नाव लिहीत नाही. गोपनीयता. (स्पेलिंगही बघायचं राहिलंय.)

संकल्प: कडक तटस्थता. रोज चार मैल चालणं, कारण दिवसभर उभं राहायचंय. आणि कोणाला सांगायचं नाही.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सांगितलं. एकोणीस अंगठे आले.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

झूमवर दोन तास ट्रेनिंग. सार असं: निरीक्षकाने सल्ला द्यायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि बघितलेलं तिथल्या तिथे लिहायचं. एवढ्याला दोन तास कशाला? मी मध्येच मतपत्रिकांवर बारकोड टाकण्याची सूचना केली. ट्रेनर चार वेळा थँक यू म्हणाली. नंतर इलाचा मेसेज, बाबा, प्लीज म्यूटवर जा. ती नव्वद जणांमध्ये माझी मुलगी म्हणून ओळखली जाते, तिला टेन्शन येणारच.

पांढरी मतपत्रिका पार्लमेंटची, हिरवी रेफरेंडमची. हिरवीवर प्रश्न आहे: परदेशात स्थायिक झालेल्यांचा मताचा हक्क काढून घ्यावा का? माझ्या मते गेलात तर गेलात. मी इंडियन पासपोर्ट परत केला त्याला अकरा वर्षं झाली, काही बिघडलं नाही. पण मी तटस्थ आहे.

श्रीखंड दोनदा घेतलं. चालणं उद्यापासून.

रविवार, ५ ऑक्टोबर

घरात तटस्थतेचा सराव. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातून तिथल्या सुलेखाने माझ्या बायकोचं, रत्नाचं, निवेदन परस्पर काढून दुसऱ्या कोणाला दिलं. रत्ना ते सांगायला माझ्याकडे आली. मी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हटलं, दोन्ही बाजू समोर आल्याशिवाय मी मत देणार नाही.

रत्ना तेव्हापासून बोलत नाही. सराव यशस्वी.

रविवार, १२ ऑक्टोबर. मतदान

सकाळी ७.००: हॉलवर हजर. निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र. पेट्यांना सील लागताना बघितलं, नंबर उतरवले. माझी जोडीदार जोन, टोलीडोची निवृत्त ग्रंथपाल. फार लिहिते. दाराशी किती माणसं, कोणी व्हीलचेअरवर आलं का, सगळं. क्वालिटीचा अनुभव नसला की असं होतं. आडनावांप्रमाणे दोन टेबलं आहेत. एक माझ्याकडे, दोन तिच्याकडे.

९.२०: सगळं सुरळीत. माझा फॉर्म भरून टाकला. छत्तीसच्या छत्तीस प्रश्न, संध्याकाळपर्यंतचे. प्लँटमध्येही मी चेकशीट सकाळीच भरून ठेवायचो. केंद्रप्रमुख अतिशय सभ्य गृहस्थ. स्वतः कॉफी आणि चीजची पेस्ट्री आणून दिली. मला सर म्हणतात.

११.४५: एक छोटा प्रसंग. सत्तरीपुढची एक बाई लान्सिंगहून आली. केस नीट बसवलेले, कोटावर ब्रोच, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. नाव लिडिया. यादीत तिच्या नावापुढे आधीच सही. क्लार्क म्हणाला, तुमचं मत होऊन गेलंय. ती म्हणाली, मी तर आत्ता गाडीतून उतरले. दोनदा म्हणाली. मग थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. इंग्रजी मोडकंतोडकं, पण कळत होतं.

"तुम्ही बघायला आलात ना? मग हे बघा. आणि लिहा."

मी नम्रपणे सांगितलं की मी तटस्थ आहे.

"तटस्थ राहा," ती म्हणाली. "पण लिहा."

केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, सर, नावं सारखी असतात, वयस्कर माणसं गोंधळतात, आम्ही बघतो. समाधानकारक उत्तर. मी तिला सांगितलं, होईल सगळं नीट, बसा. हे सल्ल्यात येतं का, ते बघावं लागेल.

१२.३०: ती खुर्चीत चाळीस मिनिटं बसली. पिशवी मांडीवर. माझ्याकडेच बघत होती, त्यामुळे मला बाकीचं निरीक्षण करणं अवघड जात होतं. म्हणून जरा बाहेर पायऱ्यांवर जाऊन फोटो काढून घेतला. परत आलो तर खुर्ची रिकामी. म्हणजे सुटला असणार प्रश्न. प्रश्न क्रमांक २२, 'कोणाला मत न देता परत जावं लागलं का?' इथे 'नाही' आधीच भरलेलं होतं. पेनने भरलंय. खाडाखोड वाईट दिसते.

संध्याकाळी ७.३०: मतदान संपलं. जोनने विचारलं, तिच्या टेबलावर तिघांच्या नावापुढे आधीच सह्या होत्या, तुझ्याकडे असं काही? मी नाही म्हटलं. पटकन निघून गेलं तोंडातून. मग तेच बरोबर वाटायला लागलं. सही करून फॉर्म दिला.

पाय दुखतायत. चालायला हवं होतं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

रेफरेंडम मंजूर. थोडक्यात, पण मंजूर. परदेशातल्या लोकांचा हक्क गेला. एका मताने काही फरक पडला नसता, हे मी सकाळपासून तीन वेळा मनाशी पडताळून बघितलं.

मंडळाच्या ग्रुपवर पायऱ्यांवरचा फोटो टाकला. चौतीस अंगठे. रत्नाचा नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

इलाचा फोन. आवाज ऑफिसचा. लिडियाबाईंनी त्यांच्या निवडणूक आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने उलट कळवलं की त्या टेबलावरच्या आंतरराष्ट्रीय निरीक्षकाच्या फॉर्मप्रमाणे तिथे एकाही मतदाराला परत जावं लागलेलं नाही, सबब तक्रार निकाली. बाईंनी ते पत्र इलाच्या ऑफिसला पाठवलं आहे. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, मी निळ्या जॅकेटवाल्या मिशीवाल्या माणसाला सांगितलं होतं, त्याने बसायला सांगितलं.

इला म्हणाली, जोनच्या टेबलावरचे तीन प्रकार एका क्लार्कची चूक म्हणून धरले जातायत, कारण टेबल नंबर एकवर काही नाही. मग तिने विचारलं, लिडियाबाई तुमच्याशी बोलल्या का?

मी म्हटलं, दिवसभरात पुष्कळ लोक बोलतात.

तिने विचारलं, तेव्हा कुठे काही लिहून ठेवलंत का?

ठेवलंय. ११.४५ वाजता, इथे. पण ही रोजनिशी खासगी आहे. मी म्हटलं, आठवून सांगतो. दुरुस्ती द्यायची तर उद्या संध्याकाळी पाचच्या आत, असं सांगून तिने फोन ठेवला. तिच्या साहेबांसमोर माझं नाव तिनेच सुचवलं होतं, हे तिने सांगितलं नाही. मला ते ठाऊक आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दुरुस्ती देणार. ठरलं. खरं ते लिहायचं.

सकाळी ९.००: पहिला मसुदा. एक वाक्य: 'ती आली होती, मी लिहिलं नाही.' फारच उघडं वाटतं. संदर्भ हवा.

१२.००: दुसरा मसुदा. संदर्भासकट अडीच पानं. क्वालिटीतला अनुभव, केंद्रप्रमुखांचं आश्वासन, जॅकेटला खिसा नसणं. बाई दुसऱ्या पानाच्या शेवटी येते.

४.१०: तिसरा. 'माझ्या असं लक्षात आणून देण्यात आलं' की 'माझ्या लक्षात आलं'? यावर बराच वेळ गेला. रत्ना डोकावून म्हणाली, पाच वाजत आले. अकरा दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, घाईत चुका होतात.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी ८.५५: पाठवलं. शेवटी पहिलाच मसुदा पाठवला.

९.२०: उत्तर आलं. अहवाल काल संध्याकाळी प्रसिद्ध झाला. आपलं निवेदन फाइलला लावण्यात येईल. धन्यवाद.

अहवाल वाचला. बासष्ट पानं. आमचा हॉल सत्तेचाळीसाव्या पानावर, दोन ओळी. टेबल नंबर एक: समाधानकारक. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत माझ्या कामावर असा छापील शेरा कोणी मारला नव्हता.  

रविवार, १९ ऑक्टोबर

रत्ना चकल्या तळत होती. इलाचा फोन आला म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन घेतला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बोलता आलं असतं. म्हणाली, लिडियाबाईंना तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, म्हणजे त्याला आठवत होतं.

जोननेही लिहून कळवलंय की जेवून परत येताना पार्किंगमध्ये एक म्हातारी गाडीला टेकून रडताना दिसली होती. तिला वाटलं, मी त्यात लक्ष घातलं असेल.

मग इला म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी तुमचं नाव देणार नाही." मराठीत म्हणाली. बरं म्हटलं. दिवाळीला येतेस ना, विचारलं. बघते, म्हणाली.

 मग आत गेलो. रत्नाला सांगितलं की इला पुढच्या वेळेसाठी विचारत होती, मीच नको म्हटलं, आता झेपत नाही, तरुणांना संधी द्यावी.

रत्नाने झारा खाली ठेवला, गॅस बारीक केला. म्हणाली, कालच तिचा मला फोन आला होता. बाबांना हे कसं सांगू, म्हणून विचारत होती.

मग तिने एका ताटलीत दोन चकल्या घालून माझ्यापुढे ठेवल्या आणि पुढचा घाणा सोडला.