नॅटचं डावं वळण

५ डिसेंबर १९६५, रविवार. अमरावती.
आजपासून आळस बंद. पाकिस्तानच्या लढाईत नॅट या छोट्या जेट विमानानं नाव काढलं आणि मी इथे ऑफिसात आवक-जावक रजिस्टर भरत बसलोय. नॅटचं चार फुटी मॉडेल बांधायचं ठरवलं. शोभेचं नाही, रेडिओवर चालणारं. आपण खाली उभं राहून बटण दाबायचं, वर विमान वळणार. विदर्भात कोणी केल्याचं ऐकिवात नाही. २६ जानेवारीला उड्डाण. तारीख पक्की.
बायकोला, म्हणजे सत्यवतीला, सांगितलं. ती मास्तरणीच्या नोकरीचा अर्ज लिहीत होती. म्हणाली, "टेबल मले लागते." टेबल दोघांत अर्धं अर्धं, असं ठरलं.

१२ डिसेंबर
मोठा अर्धा मला, कारण पंख लांब आहेत. सत्यवती खाली बसून अभ्यास करते. तिला तसंच बरं पडत असावं.
बाल्सा लाकूड इकडे मिळत नाही. पांगाऱ्याचं आणलं. तेही हलकंच असतं.

१९ डिसेंबर. अकोला.
सत्यवतीचा धाकटा भाऊ पुंजाराम इथे रेडिओ रिपेअरिंगचं दुकान चालवतो. बटणाचा सगळा कारभार तोच करून देणार. ड्रॉइंग पाहून म्हणाला, "भाऊजी, जेटले पुढं पंखा कायले?" त्याला समजावलं. खरं जेट इंजिन या साईझमध्ये मिळत नाही, म्हणून कलकत्त्याहून छोटं डिझेल इंजिन मागवलंय. पंखा एकदा फिरायला लागला की दिसत नाही. म्हणजे जेटच.
म्हणाला, "थांबला म्हंजे दिसन ना."
थांबेल कशाला?

९ जानेवारी १९६६
रेडिओ तयार. बटण एकच. दाबलं की शेपटी डावीकडे, सोडलं की सरळ. परत दाबलं की उजवीकडे. मग परत डावीकडे. वर-खाली काही नाही. मागच्या वेळी कुठे वळलो एवढंच लक्षात ठेवायचं. घरी सराव केला. तिसऱ्यांदाच विसरलो. सत्यवती चुलीपुढे बसून, मागे वळून न पाहता सांगत होती, "आता उजवं. आता डावं." एकदाही चुकली नाही. योगायोग.
वायरलेसच्या लायसनचा अर्ज जाऊन महिना झाला. उत्तर नाही. नकार आला नाही म्हणजे हरकत नाही, असं मी धरतो.

२६ जानेवारी
उड्डाण नाही. पंखांवरचं रेशीम ताणून बसत नाही, थंडीचा परिणाम. रेशीम सत्यवतीच्या लग्नातल्या पातळाचं. विचारून घेतलं. म्हणजे कापल्यावर विचारलं. त्यानंतर ती दिवसभर बोलली नाही. अभ्यास फार आहे तिला.

६ फेब्रुवारी
सत्यवतीला मुलाखतीचं बोलावणं. अकोला, गुरुवार, १७ तारीख, सकाळी अकरा. मी सोबत येतो म्हणून शब्द दिला. अकोल्याजवळ धावपट्टी आहे, आजूबाजूला मोकळं रान. नऊ वाजता उड्डाण, अकराला मुलाखत. ती विमान धरेल, मी इंजिन सुरू करीन. इतकी सुरेख योजना मला आजवर सुचली नव्हती.

१७ फेब्रुवारी, दुपारी ४. पुंजारामचं दुकान.
गाडीत विमानाला खिडकीजवळची जागा मिळाली. सत्यवती मूर्तिजापूरपर्यंत उभी.
अकोला स्टेशनवर उतरून म्हणाली, "मी इथूनच जातो." मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. म्हणाली, "दोन महिन्यापासून दहाच मिनिटं होऊन राहिले." आणि निघाली. एकटीला पत्ता कसा सापडणार, याची काळजी वाटली.
विमान पुंजारामनं धरलं. इंजिन अर्ध्या तासानं सुरू झालं. पण उडालं. खरंच उडालं. बटण दाबलं, तर डावीकडे वळलं. स्पष्ट वळलं. मग उजवीकडे वळवायला परत दाबलं. वळलं नाही. परत दाबलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवरून, बाभळींवरून सरळ गेलं. चिमणीएवढं झालं. मग नाहीच.
मी दाबत होतो. बऱ्याच वेळानं पुंजाराम म्हणाला, "भाऊजी, आता बटन सोडा."
सत्यवती तीनला आली. मुलाखत कशी झाली हे विचारायचं राहून गेलं.

२ मार्च
सत्यवतीला नेमणूक मिळाली. अकोल्यापासून पाच कोसांवरचं खेडं. काल हजर झाली. आता अख्खं टेबल माझं. ठेवायला काही नाही.
भात करपला. भांड्याचा दोष.
तिला पत्र टाकलं. "विमान हरवलं असलं तरी डावं वळण शंभर टक्के बटणाचं होतं. म्हणजे प्रयोग यशस्वी."

२० मार्च, रविवार
शोधाचा तिसरा रविवार. धावपट्टीच्या पलीकडची चार गावं पायी पालथी घातली. एका वावरात केशरबाई नावाची म्हातारी भेटली. तिनं विचारलं, "त्यात मानूस व्हता का?" नाही म्हटलं. "मंग रडता कायले, बाबू?"
मी रडत नव्हतो. धूळ होती.

२७ मार्च, रविवार. सत्यवतीच्या नोकरीच्या गावी.
सापडलं. डोमाजी नावाच्या शेतकऱ्याला, पऱ्हाट्या उपटताना. एक पंख मोडलेला. पोट उघडून पाहिलं. आतल्या रेडिओचा स्विच बंद.
उडवण्याआधी तो चालू करायचा असतो. केलाच नव्हता. म्हणजे माझ्या बटणाचं काहीही वर पोचलं नाही. डावं वळण वाऱ्याचं.
हे या वहीतच राहू द्यावं.
संध्याकाळी सत्यवतीकडे आलो. खोली लहान, पण टेबल आहे. तिचं. बसायला सांगितलं, भाकर वाढली. माझं पत्र तिनं हेडमास्तर नत्थुजींना वाचून दाखवलंय. नत्थुजी खुश. मंगळवारी सायन्सच्या तासाला पोराईले बटनानं विमान कसं वळवलं थे सांगा, असा त्यांचा निरोप. तिनं विचारलं, "सांगसान ना?" लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्या कामाविषयी इतक्या आनंदानं बोलत होती.
हो म्हणालो. रजेची तार केली पाहिजे.

२९ मार्च, मंगळवार
चाळीस पोरं. फळ्यावर नॅट काढलं, चांगलं आलं. पंखा काढला नाही. बटण समजावलं, डावं, सरळ, उजवं. माना डोलत होत्या.
पहिल्या रांगेतून जमुना नावाची पोरगी उठली. "गुरुजी, मंग थे वापस काहून नाही आलं?"
वारा म्हणणार होतो. वारा तयारच ठेवला होता. सत्यवती मागे भिंतीशी हजेरीपट घेऊन उभी होती, माहेरच्या माणसांसमोर नवरा बोलतोय तशी, पदर सारखा करून. तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "स्विच चालू करायचा राहिला."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सत्यवतीनं हजेरीपटातून मान वर केली नाही. मग पोरांना म्हणाली, "लिहून घ्या. स्विचले पहिली वेलांटी."
सगळ्यांनी पाटीवर लिहून घेतलं.