कोऱ्या पानावरची सही

मंगळवार, कडेगाव

शिसारी आली आज. करोनात सभा भरत नव्हती, तेव्हा शिपाई शाळेचं ठरावबुक घरी आणायचा आणि आम्ही विश्वस्त कोऱ्या पानावर सही करायचो. साथ गेली, सवय राहिली. आज सभेत अध्यक्षांनी ठराव वाचला. जूनपासून मराठी वर्ग बंद, सगळी शाळा इंग्रजी. आणि सूचक कोण, तर मी!

"मी कवा सुचवलं रं?"

"आवं आण्णा, सही तुमचीच हाय की!" अध्यक्ष हसले. सगळेच हसले. मी खाली बसलो. का बसलो? सही माझीच, पण पान कोरं होतं हे ओरडून सांगायला काय झालं होतं?

फाटकात मराठी वर्गाच्या बाई उभ्या होत्या. नोकरी त्यांची जाणार. म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही तरी विरोध केला असेल."

मी हो म्हणालो.