खताच्या टाकीचं कुलूप

मी, खाली सही करणारा द्राक्षबागायतदार, उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे; ते नसल्याची तक्रार फक्त माझा थोरला मुलगा करतो. कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने ही व्यवस्था लिहून ठेवतो.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक सूनबाईच्या नावे. या घरात दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारं ती एकटीच माणूस आहे, आणि त्याचा तिला काडीचाही फायदा झालेला नाही.

कलम २. माझी छाटणीची कात्री धाकट्या मुलीला. थोरल्याने मागू नये. तो त्या कात्रीने तारा कापतो.

कलम ३. बाग मधोमध कुंपण घालून दोघांत निम्मी-निम्मी. मात्र खताच्या टाक्यांच्या खोलीची किल्ली फक्त मुलीकडे. कारण असं: थोड्याच दिवसांत मण्यांत पाणी उतरेल, म्हणजे ते मऊ पडून गोडी धरू लागतील, आणि नेमका आत्ता थोरल्याला युरिया सोडायचा आहे, का तर व्यापारी मण्याचा आकार बघतो. गेल्या हंगामात त्याने तेच केलं. वेली माजल्या, घड पानांच्या सावलीत गेले. मणी फुगले, पण ना रंग ना गोडी, आणि पेट्या उघडेपर्यंत निम्मे मणी देठापासून सुटलेले. माल परत आला. मुलगी पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून घेते आणि कमी असेल तेवढंच देते. आता रंग-गोडीसाठी पोटॅश द्या म्हणते. तिचं बरोबर आहे, फक्त ती ते समोरच्याच्या तोंडावर फेकते. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे, निरोप सूनबाई पोचवते. यंदाही माल परत आला तर व्यापारी आपल्याला दारात उभं करणार नाही, आणि मी तेव्हा खाटेवर पडलेला असेन. मला याचीच भीती वाटते, शस्त्रक्रियेची नाही.

कलम ४. माझा मेहुणा, खताचा दुकानदार, याला काहीही नाही. भाच्याच्या डोक्यात युरिया त्यानेच भरला. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. म्हणून त्यालाच साक्षीला बोलावलं आहे. बाहेर चहा पीत बसलाय.

इथवर लिहिलं आणि ठिबकची मोटार सुरू झाली. सकाळी मुलीने टाकी भरून, कुलूप लावून किल्ली मला परत दिली होती. ती माझ्या उशाखालीच आहे. सूनबाईला हाक मारली.

"कुलूप कोणी काढलं?"

"ह्यांनी तोडलं, बाबा."

"युरिया सोडला?"

"आधी तुम्ही बसा."

"सोडला का, ते सांग."

"नाही हो. वन्संनी सकाळी घाईत पोटॅश कॅल्शियमच्याच टाकीत ओतलं. ह्यांच्या आधी सोडायचं म्हणून."

माझ्या छातीत कळ आली. ही दोन खतं एकत्र आली की पांढरा गाळ बसतो आणि ठिबकच्या नळ्या बुजतात. मण्यांत पाणी उतरायच्या वेळी सगळी बाग तहानलेली राहिली असती.

"मग?"

"त्यांच्या लक्षात आलं तशा त्या स्वतःच ह्यांच्याकडे गेल्या. म्हणाल्या, 'दादा, चुकलं रे माझं. बाबांना सांगू नकोस.' किल्ली मागायला आले असते तर तुम्हाला कळलं असतं. टाकी रिकामी केली, आता साध्या पाण्याने नळ्या धुताहेत."

खिडकीशी गेलो. दोघं चिखलात बसून नळीच्या टोकातून दुधासारखं पाणी बाहेर काढत होते. ती काही म्हणाली, तो खेकसला, तीही खेकसली. मध्ये निरोप्या कोणी नव्हता. मला रडू आलं, तेही लिहून ठेवतो.

कलम ३ रद्द. कुंपण घालू नये. बाग दोघांची, एकत्र. कॅल्शियमची टाकी थोरल्याने सांभाळावी, पोटॅशची धाकटीने. टाक्या वेगळ्याच असू द्याव्यात, पण वेलीला दोन्ही लागतात. देठ तपासल्याशिवाय युरियाला कोणी हात लावू नये. शस्त्रक्रियेतून मी वाचलो, तर आजचं मला काहीच कळलेलं नाही, असंच दोघांनी समजावं. दाराला नवं कुलूप घेऊ नये.

साक्षीदार:
१. वकीलबाई.
२. मेहुणा. मजकूर वाचायला मागत होता, दिला नाही.

सही: द्राक्षबागायतदार, दोघांचा बाप
ठिकाण: बागेकडे खिडकी असलेली खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, मोटार अजून चालू आहे.