न दिसणारा रफू

सोमवार, ९ तारीख

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण स्वतःहून कळवशील तर तो तू कसला! आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना आई कुरकुरते. एकाच शहरात राहून हा चार महिने घरी फिरकत नाही म्हणजे काय, असं रोज विचारते. मी सांगते, गोदामात काम फार आहे. तिला पटतं. मलाही गेल्या आठवड्यापर्यंत पटत होतं.

दुकान ठीक चाललंय. परवा एक बाई नवऱ्याचा सदरा घेऊन आल्या, म्हणे उंदराने कुरतडला. इस्त्रीने जळलेलं कापड मला कळत नाही होय? पण रफू करणाऱ्याने भोक तेवढं बघावं, बाकी विचारू नये. म्हटलं, उंदीर बराच गरम होता वाटतं. बाई इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्याच.

आता समोरचं सांगते. बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर हल्ली दुपारी सात-आठ जण जमतात. बाटल्या फोडतात, बायकांची वाट अडवतात. दर मंगळवारी एक पांढरी गाडी येऊन खोकी उतरवते आणि तासाभरात दुसरी गाडी ती घेऊन जाते. ही नुसती टवाळकी नाही, टोळी आहे, हे अख्ख्या रस्त्याला कळत होतं आणि सगळे कानाडोळा करत होते. मीसुद्धा. गेल्या मंगळवारी पायऱ्यांलगतच्या दुकानातले घड्याळजीकाका त्यांना म्हणाले, "माझ्या दारातून तरी उठा." त्यांच्यातल्या एकाने काकांनाच ढकलून दिलं. मनगट मोडलं. ज्या हाताने ते केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचे, तो हात आता गळ्यात बांधलाय.

दुसऱ्याच दिवशी मी पालिकेत जाऊन तक्रार अर्ज भरला. गाड्यांच्या वेळा मापाच्या वहीत टिपलेल्या होत्याच, त्या उतरवल्या. एक रकाना होता, संशयितांचं वर्णन. माझी खोड तुला माहीत आहे, चेहरे लक्षात राहत नाहीत, कपडे राहतात. एकाची कॉलर उलटून शिवलेली, एकाच्या जाकिटाची चेन बदललेली, असं लिहीत गेले आणि हाताच्या सवयीने पुढचंही लिहून बसले: करडा लोकरी कोट, डाव्या कोपराला न दिसणारा रफू, धागे आतल्या शिवणीतून काढलेले.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी ते दोनदा वाचलं.

"ताई, न दिसणारा रफू तुम्हाला रस्त्यापलीकडून दिसला कसा?"

मी अर्ज मागे ओढू लागले, त्यांनी तो धरून ठेवला.

"तुम्हीच केलाय ना?"

"हो."

"कोट कुणाचा?"

"वडिलांचा," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"आणि आता कोण घालतं?"

तेव्हा मला रडू फुटलं रे. खिडकीपाशी, मागे एवढी रांग असताना.

त्या मंगळवारी तू त्यांच्यात पाठमोरा उभा होतास. पाठ फिरवली की ताईला आपण दिसत नाही असं तुला लहानपणीही वाटायचं. पडद्यामागे लपायचास, पाय सगळे बाहेर. काकांना तू ढकललं नाहीस, हे मी पाहिलं. तू कुणाला अडवलं नाहीस, हेही पाहिलं. मग बाकीचे हसत पायऱ्या चढून गेले आणि तू वाकलास, काकांचा चष्मा उचललास, बाहीला पुसून त्यांच्या हातात दिलास. त्या वेळी कोपर माझ्याकडे आलं. तुझा इतका राग आला होता, तरी त्या चष्म्यापाशी माझा जीव अडकला.

आणि एक कबूल करते. मी दुकानाबाहेर आले नाही. काकांना औषधवाल्याने उठवलं. तू आहेस हे कळल्यावर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. ती चूक माझी.

कारकूनबाई भल्या आहेत. म्हणाल्या, अर्ज येत्या १२ तारखेला, गुरुवारी पोलिसांकडे जाईल. पोलिसांनी नाव शोधायच्या आत तो स्वतः येऊन काय ते सांगेल तर फरक पडतो. सुटेलच असं मात्र त्याही म्हणत नाहीत.

तू म्हणशील, अर्ज मागे घे. घेणार नाही. काकांचा हात बघून घेववत नाही. वर्णनापुढचा नावाचा रकाना मात्र बाईंनी गुरुवारपर्यंत मोकळा ठेवू दिलाय. हे पत्र मी स्वतः तुझ्या घरमालकिणीच्या हातात देऊन येणार आहे, म्हणजे मिळालं नाही ही सबब नको.

गुरुवारी सकाळी दहा वाजता, पालिकेचा दुसरा मजला, जिन्यासमोरचा बाक. मी नऊपासून बसलेली असेन. कोट घालून ये. उजवं कोपरही विरत आलंय, सुई-दोरा बरोबर आणते. आत बोलावेपर्यंत तेवढं होईल. तू काय केलंस, काय वाहून नेलंस, ते सगळं सांग. मी शेजारी बसेन. नंतर जे होईल त्यालाही मी शेजारीच असेन. आईला आपण दोघं मिळून सांगू.

दहा वाजून गेले आणि तू आला नाहीस, तर तो रकाना मी भरीन. पाटीवर हात धरून तुला तुझं नाव मीच गिरवायला शिकवलं होतं. ते तिथे माझ्या हाताने लिहायची वेळ आणू नकोस.

नऊपासून बाकावर बसलेली,
तुझीच
ताई