रेघेखालचा पलंग

१२ एप्रिल, रविवार
मुलींची खोली नीट करायची, असं दादाने सकाळी जाहीर केलं. आधी वहिनीला माहीत, मग त्यांच्या सानिकाला, मग मला. जुईला मी सांगितलं. मामे-आते बहिणी दोघी, गेलं वर्षभर एकाच खोलीत खाली गाद्या टाकून झोपतात. आता उंच पलंग येणार, खाली अभ्यासाची टेबलं, मध्ये पार्टिशन. सानिका पुढच्या वर्षी दहावीला. वहिनी म्हणाली, "तिला जरा एकांत हवा." कुणापासून, ते बोलली नाही.
माझी जुई अकरा वर्षांची. तिच्या बापाच्या घरी दाणदाण जिने चढायची. इथे आल्यापासून टाचा उचलून चालते.

१७ एप्रिल, शुक्र.
दु. ४ ला नाते गावचा मिस्त्री आला. टेप काढायच्या आधीच विचारलं, "खूण कुठाय?" दादाने कपाट सरकवून भिंतीवरची तांबडी रेघ दाखवली. माझ्या खांद्याएवढी. मागच्या मोठ्या पुराचं पाणी इथवर आलं होतं. महाडच्या बाजारपेठेत कुठलीही वस्तू जमिनीपासून मोजत नाहीत, रेघेपासून मोजतात. देव, मीटर, कागदपत्रं, सगळं रेघेच्या वर.
दादा म्हणाला, "दोन्ही पलंग वरच घ्या. पाणी शिरलं तरी पोरींची गादी-पुस्तकं कोरडी राहिली पाहिजेत." दोन्ही म्हणाला. ऐकून बरं वाटलं. उगाच मनात काहीबाही आणते मी.

१९ एप्रिल, रवि.
मिस्त्री परत आला. खोलीवर कौलं, छप्पर मागच्या अंगाला उतरतं. हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणाला, "ह्या अंगाला जमायचं नाय, ताई. रेघंच्या वर घेतला तर पोरीच्या डोक्याला वासा लागंल. उठून बसायला जागाच नाय."
मग एक वर, एक खाली. खालचा कमरेएवढा.
"वरचा कुनाला?"
दादा रेघेकडे बघत राहिला. वहिनीला गॅसवरचं दूध आठवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात जुई म्हणाली, "मला खालचा चालेल."
झालं. दादाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी आहे हो आमची भाची."
कुणी विचारायच्या आधी स्वतःहून मागे सरायचं, याला या घरात शहाणपण म्हणतात. राग दादाचा आला, वहिनीचा आला, सगळ्यात जास्त जुईचा आला. तिला रागावले मात्र नाही. तेवढी अक्कल शिल्लक आहे.

२६ एप्रिल, रवि.
दादाशी बोलले. म्हटलं, दोन्ही खालीच घे ना, दोघींचे सारखे.
"आणि पाणी आलं म्हणजे?"
"म्हणजे जुईचं भिजलेलं चालेल?"
"तू पण ना, सुमे. पलंगाचं काय घेऊन बसलीस? आणि तुमचं काय, आज इथे आहात..."
वाक्य अर्ध्यावर सोडलं. पुरं केलं असतं तर परवडलं असतं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई. पुढचं मला पाठ आहे.

१० मे, रवि.
पार्टिशन उभं राहिलं. पार्टिशन कसलं, कपाटच ते. खण, कप्पे, पुस्तकांच्या फळ्या, सगळ्यांची तोंडं सानिकाकडे. जुईकडे नुसती प्लायची पाठ. त्यावर ना खिळा, ना खुंटी.
वहिनी म्हणाली, "बरंच झालं, तिला चित्रं चिकटवायला मोठी जागा मिळाली." जुईने मान डोलावली. एकही चित्र चिकटवलेलं नाही.

२४ मे, रवि.
वर कौलांखाली भट्टी. सानिका गादी घेऊन खाली उतरली, जुईच्या टेबलाजवळ झोपते. आत्याजवळ तक्रार, "वरती नुसतं उकडतं गं." चांगली पोरगी आहे. तिचा राग करता येत नाही, ही आणखी एक पंचाईत.

१४ जून, रवि.
पावसाळ्याची बांधाबांध. शिलाई मशीन, मिक्सर, दादाच्या फायली, रजया, तांदळाचे डबे, सगळं सानिकाच्या पलंगावर चढलं. दोघी आता खालच्या पलंगावर, एकीचे पाय दुसरीच्या तोंडाशी. मी म्हटलं, जुईची पुस्तकांची पिशवी तेवढी वर ठेवू का? वहिनी म्हणाली, "बघा तुम्हीच, जागा कुठाय?"
बघितलं. खरंच नव्हती. डब्यांना होती.

५ जुलै, रवि.
दुपारी नगरपालिकेचा पुराचा भोंगा झाला. धावपळ. जुईने सानिकाची पुस्तकं वर दिली, मामीच्या साड्या दिल्या, मामाचे बूट दिले. स्वतःचं दप्तर पाठीला अडकवून खोलीच्या मधोमध उभी. पाणी चौकापर्यंत आलं आणि संध्याकाळी मागे गेलं. दादा हसत म्हणाला, "उगाच घाबरवतात." तरी सात वाजेपर्यंत तिने पाठीवरचं दप्तर काढलं नाही. शेवटी मी काढलं. पट्ट्यांचे वळ उठले होते.

९ जुलै, गुरु.
जुईच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीने पोलादपूरला दोन खोल्या बघून आले. येष्टीने शाळेला यायला जमेल. घरवाल्या काकूंनी आधी विचारलं, "मालक कुठं असतात?" म्हटलं, "नाहीत." पुढे विचारलं नाही, भल्या दिसतात. मी सवयीने भिंतीवरून नजर फिरवत होते.
"काय बघताव?"
"पुराची खूण."
"हिकडं पानी येत नाय गो बाय. हिकडं दरड येते."
हसल्या त्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.
रविवारपर्यंत कळवायचंय.

१२ जुलै, रवि.
दादाच्या कानावर घातलं. "लोक काय म्हणतील?" म्हणाला. राहा म्हणाला नाही. वहिनीने मात्र आज चहा स्वतःहून आणून दिला.
मग जुईला सांगितलं. दोन खोल्या, आपण दोघीच. गणितं सोडवत होती, मान वर केली नाही.
"तिथे खालचा कुणाचा?"
म्हटलं, तिथे वर-खाली काही नाही. पलंगच नाहीत. तुझी गादी, माझी गादी, दोन्ही जमिनीवर. सारख्या.
पेन्सिल थांबली.
"मग मी दाराकडची घेते. तिथे पाऊस आत उडतो ना, तू आतली घे."
काकूंना फोन अजून केलेला नाही.