हरिकेनला कुंकू

१४ सप्टेंबर, रविवार
सीमाशी सविस्तर चर्चा झाली. म्हणजे ती बोलली. हॉलमधल्या शोकेसमध्ये माझी लढाऊ विमानं आहेत. दुसऱ्या महायुद्धातली, धातूची, तळहाताएवढी. पूर्वी तिथे तिचा डिनर सेट असायचा, तो आता पलंगाखाली असतो. पाहुणे आले की पलंगाखाली वाकून प्लेटा काढाव्या लागतात, असं ती म्हणाली. वाकतो मी, हे म्हणाली नाही.
शेवटी तह झाला. विमानांतलं कळणाऱ्या एका तरी माणसानं माझ्या संग्रहाबद्दल एक चांगला शब्द काढला, तर शोकेस माझी. नाहीतर दसरा झाला की विमानं माळ्यावर.
एक शब्द! मनातल्या मनात हसलो.

१५ सप्टेंबर
अकोल्याला ५ ऑक्टोबरला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे. नाव नोंदवून टाकलं. परीक्षक भगवंतराव, हवाई दलातून निवृत्त झालेले. कळणारा माणूस आयताच मिळाला.
अकोल्याचा संघपालही मांडणार आहे. वीज कंपनीत इंजिनिअर. त्याच्याकडे मोजकीच मॉडेल्स आहेत, बिचारा. ग्रुपवर मी त्याला वडीलकीनं सल्ले देतो. तो 'बरं सर' एवढंच लिहितो. थोडा मत्सर असणारच.
संकल्प : प्रदर्शनापर्यंत नवीन विमान घ्यायचं नाही.

१८ सप्टेंबर
हरिकेन मागवलं. याला नवीन म्हणता येणार नाही, ती संग्रहातली जुनी उणीव होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या वैमानिकांनी उडवलेलं विमान. तेच मधोमध ठेवणार. सीमाला योग्य वेळी सांगू.

१९ सप्टेंबर
सीमाला कुरिअरवाल्यानं फोन करून सांगितलं.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ
सासूबाई, म्हणजे गोदाबाई, अंजनगावहून आल्या. मुक्काम दिवाळीपर्यंत. शोकेसकडे बघून, जावईबापूंची खेळणी अजून हायेत काय, असं त्यांनी सीमाला विचारलं. मी समोरच बसलो होतो.
रागावलो नाही. खेळणी आणि आयुधं यांतला भेद शांतपणे समजावून दिला. शस्त्र कशाला म्हणायचं, अस्त्र कशाला, यंत्रातून सुटणारं ते यंत्रमुक्त कसं. आयुधांचा मान राखणाऱ्या घराचा मान जग राखतं, असंही म्हणालो. हे कुठे लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं. इतकी वर्षं पोरांना संस्कृत शिकवल्याचा असा उपयोग होतो. त्या उठून पाय धुवायला गेल्या. पटलं.

२९ सप्टेंबर
हरिकेन आलं! काय रंग! मॅट फिनिश, इंजिनाच्या धुरकट खुणासुद्धा.
लेकीला, दामिनीला, पंखावरचं वर्तुळ समजावून सांगितलं. इतर आघाड्यांवर त्याच्या मधोमध लाल ठिपका असे. आपल्याकडे तो मुद्दाम काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि लाल दिसलं की आपलीच माणसं आपलंच विमान पाडायची. म्हणून इथे मध्ये लाल नाही. या मॉडेलचं सगळं मोल त्या नसलेल्या ठिपक्यात आहे.
दामिनी 'हं' म्हणाली. नंतर तिनं कानातले इअरफोन काढले आणि काही म्हणालात का, असं विचारलं. सासूबाई मात्र लसूण सोलता सोलता नीट बघत होत्या. रस निर्माण होतोय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी ९. आंघोळ करून बाहेर आलो तर पाटावर लाल कापड. त्यावर विळी, कात्री, स्कूटीची किल्ली, दामिनीचा लॅपटॉप आणि माझं सगळं हवाई दल. स्पिटफायरला झेंडूचा हार घातलेला. विमान दिसत नव्हतं, पण हाराला उंचवटा होता.
हे पूजेत नको, एवढंच म्हणालो. सासूबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं.
"तुमीच म्हनले ना आयुधं हायेत म्हून? का खेळणीच हायेत?"
सीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात डिनर सेटमधली एक प्लेट. नुसती पुसत होती.
म्हणालो, आयुधंच.
मग भटजी कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संकल्प मीच सोडला. स्वर चांगला लागला होता, हे मान्य करायला हवं. डोळे मिटून मंत्र म्हणत होतो तेव्हा सासूबाईंचा आवाज आला.
"काहून बापू, येवढं गोल रंगवलं अन् मधात कुंकूच नाई?"
डोळे उघडले. ओल्या कुंकवाचं बोट हरिकेनच्या डाव्या पंखावरून उचललं जात होतं. उजवा पंख आधीच झाला होता. बरोबर केंद्रात. कंपासनं काढल्यासारखं.
मंत्र मध्येच सोडता येत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
अंबादेवीच्या गर्दीत जाऊन आलो. काय मागितलं ते इथे लिहीत नाही.
निश्चय : हरिकेनला हात लावायचा नाही. कुंकू वाळलं की आपोआप उडून जाईल.

४ ऑक्टोबर
हात लावला. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं, अगदी हलकेच. ठिपका गेला नाही, पसरला. आधी टिकली होती, आता मळवट आहे. दामिनीचं नेलपॉलिश रिमूव्हर आणावं असं वाटलं. आणलं. पंखावरचा थोडा हिरवा रंग निघाला. लाल आहे तिथेच आहे.
तरी एकंदर मांडणीत कुणाच्या लक्षात येणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. अकोला
थर्माकोलचा खोका एसटीत मांडीवर धरून आणला. टेबलं लागली होती. आजूबाजूला नजर टाकली आणि धीर आला. परतवाड्याच्या देवीदासच्या बॉम्बरवर अक्षता चिकटलेल्या, दुसऱ्या एकाच्या मस्टँगच्या नाकाला हळद. अख्ख्या वायुसेनेचं लग्न ठरल्यासारखं दिसत होतं. स्वच्छ विमानं फक्त संघपालची. मी जरा टोमणा मारला, की दसऱ्याला तू यांना विसरलास वाटतं. तो म्हणाला, "दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर असतो सर. विमानं कपाटात होती." आणि पुन्हा काच पुसू लागला.
भगवंतराव माझ्या टेबलाशी थांबले. बराच वेळ थांबले, याची नोंद व्हावी. चष्मा काढला, खाली वाकले.
"हरिकेन कुठलं?"
मी ताठ होऊन सांगितलं, ब्रह्मदेश, आपली स्क्वाड्रन.
"मग हे आपल्याच लोकांनी पाडलं असतं," ते म्हणाले आणि पुढे गेले.
पहिलं प्रशस्तिपत्र संघपालला. मी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. आवरताना त्याला धरलंच. म्हटलं, माझ्या संग्रहाबद्दल एखादा चांगला शब्द सांग, मोकळेपणानं. तो पोरगा सज्जन आहे. त्यानं सगळं टेबल नीट बघितलं.
"खोका मस्त बनवलाय सर," तो म्हणाला.

६ ऑक्टोबर
सीमाला अहवाल दिला. परीक्षकांनी हरिकेनचा युद्धाच्या संदर्भात खास उल्लेख केला, आणि एका जाणकारानं एकूण व्यवस्थेची स्तुती केली. काय म्हणाला, हे तिनं विचारलं. नेमके शब्द विचारले.
तिनं निकाल दिला, खोका हॉलमध्ये राहू शकतो.
दुपारी शोकेस रिकामी झाली. डिनर सेट आत गेला. दिसतो बरा, नाही म्हणवत नाही. मी स्टुलावर चढून माळ्याचं दार उघडलं, तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या. पूजेले बसवलेलं अडगळीत टाकत नसतेत, पाप लागते, असं त्यांनी सीमाला खडसावलं. माझ्या बाजूनं या घरात प्रथमच कुणीतरी बोलत होतं. स्टुलावरच गहिवरून आलं. म्हणजे तहात माझा पराभव झालेला नाही. माळा टळला.
विमानं देवघरात. बाळकृष्णाच्या उजव्या हाताला.

९ ऑक्टोबर
सकाळी ७. पूजेचं आता माझ्याकडे आहे. आधी देव, मग विमानं. सासूबाई शेजारी बसून लक्ष ठेवतात. नुसतं पाणी शिंपडलेलं चालत नाही, ताम्हनात घेऊन धुवावी लागतात.
आज तीर्थ घेताना त्यांच्या दाताखाली काहीतरी कडक आलं.
स्पिटफायरला प्रोपेलर नाही.